पान सदतीस

तेराव्यानंतर आठ दिवसांनी वाचनालयातून फोन आला:
खवणेकरांच्या नावावर एक पुस्तक आहे, दंड बावीस रुपये.
मी म्हटलं, ते गेले.
पलीकडे थोडा वेळ नुसताच गिरणीचा आवाज.
मग तिरोडकर बाई म्हणाल्या,
दंड राहू दे. पुस्तक तेवढं आणा.

कपाटात नव्हतं, औषधांच्या डब्यामागेही नव्हतं.
सापडलं ते तांदळाच्या पिंपावर,
वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं:
मधमाश्या पाळण्याविषयीचं, चित्रांसकट.

शिवडीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे कुंडीतली तुळसही ऊन शोधत वाकडी वाढते,
तिथे या माणसाला मधमाश्या कशाला?
आई म्हणाली, मला काय ठाऊक,
मला वाटायचं शिकारीचं वाचतात.

वाचनालय पिठाच्या गिरणीच्या वर.
दळण सुरू झालं की कपाटांच्या काचा थरथरतात
आणि कुठलंही पुस्तक उघडा,
बाजरीचा वास येतो.
बाईंनी पुस्तक घेतलं, शिक्का शोधला नाही,
सरळ सदतिसावं पान काढलं.
कोपऱ्यात पेन्सिलीच्या चार उभ्या रेघा.

"वाचलं की एक रेघ. नेहमी याच पानावर.
मी एकदा रागावले, तर म्हणाले,
खूण करूक होयी गो बाय,
नायतर एकच गोण दोनदा मोजतलंस."

चौतीस वर्षं गोदीत टॅली क्लार्क.
बोटीतून उतरणारी प्रत्येक गोण, प्रत्येक पेटी
त्यांच्या रेघेखालून गेली.
घरी मात्र कधी काही मोजलं नाही,
आम्ही किती भांडलो तेसुद्धा.

त्या दुपारी मी कपाटांपुढे उभी राहून
पुस्तकामागून पुस्तक सदतिसाव्या पानावर उघडत गेले.
शिकारकथांना एक रेघ.
एका नटीच्या आत्मचरित्राला दोन
(हे आजीला सांगितलं नाही).
जाडजूड ऐतिहासिक कादंबरीला एकही नाही,
तिथवर पोचलेच नसावेत.
कुठे दुसऱ्याच पानावर त्रिकोण.
"ते सामंत मास्तर," बाई म्हणाल्या. "तेही गेले.
फुली कोणाची, ते मलाही माहीत नाही."

मधमाश्या मी त्यांच्याच कार्डावर परत घरी आणल्या,
सभासद क्रमांक तीनशे अठरा.
कॉलेजनंतर मी वाचते ते फक्त रिपोर्ट:
साखर, हिमोग्लोबिन, कोणाचं काय वाढलं, काय उतरलं.
त्यांच्या मरणाचेही आकडे मीच वाचले होते,
डॉक्टरांच्या आधी,
आणि कोणाला सांगितले नव्हते.

रात्री त्यांच्या खाटेवर बसून वाचू लागले.
राणी गेली की पोळ्याचा आवाज बदलतो, लिहिलंय,
सवयीच्या कानाला तो बाहेरूनच कळतो.
मी पुस्तक मिटून ऐकलं.
पंखा. आजीचं कूस बदलणं.
खालच्या नळाखाली कोणीतरी लावलेली बादली.
मग त्या महिन्यात पहिल्यांदा
मला बसल्या जागी झोप लागली,
बोट पानात अडकवून.

सदतिसाव्या पानावर काय आहे, तेही वाचलं:
पेटी उघडताना घाई करू नये.
हात थरथरत असेल तर
झाकण ठेवून जरा वेळ शेजारी बसावं.

त्यांची पत्र्याची पेटी खाटेखालीच आहे.
किल्ली कुठे ते सगळ्यांना माहीत आहे.
कोणी काढत नाही.
मी आता रोज तासभर शेजारी बसते,
पाय तिला लागू न देता.

चारांवर तिरकी रेघ ओढली की पाच होतात,
मोजणीचा एक गठ्ठा पुरा होतो
आणि हमाल पुढच्या गोणीला हात घालतात.
पेन्सिल दोनदा हातात घेतली.

परवा मुदत संपली. पुस्तक घेऊन गेले.
"झालं का वाचून?"
झालं.
"मग?"
मी काही बोलले नाही.
खाली कोणाचे तरी गहू पडत होते.
बाईंनी शाईच्या पॅडवर शिक्का दाबला
आणि पुढची तारीख मारली.